राजकीय सल्लागारांची सेवा : काय घ्यावं, कशाला नकार द्यावा

निवडणूक वर्षभरावर आली की पक्षांच्या कार्यालयांत सल्लागार कंपन्यांची सादरीकरणं सुरू होतात. सर्व्हे, वॉर रूम, सोशल मीडिया, मतदारांचा डेटा, घोषणा, नेत्याची प्रतिमा असं सगळं एकाच पॅकेजमध्ये बांधून दिलेलं असतं. 'नॅरेटिव्ह आम्ही सेट करू' हे वाक्य तर ठरलेलंच. पण या पॅकेजमधल्या सगळ्या गोष्टी एकाच मोलाच्या नसतात. काही भागांशिवाय प्रचार म्हणजे अंधारात बाण मारणं आहे, आणि काही भागांचा परिणाम मोजायला गेलं तर हाती फारसं काही लागत नाही.

आमचं मत आधीच सांगतो. मतदाराची मतं बदलून घ्यायला सल्लागार नेमला तर निराशा पदरी पडेल. मतदार कोणता प्रश्न डोक्यात घेऊन मतदानाला जाईल, यावर मात्र चांगल्या सल्लागाराचा बराच प्रभाव पडू शकतो. १९६८ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी मॅक्सवेल मॅकोम्ब्स आणि डोनाल्ड शॉ या अभ्यासकांनी चॅपल हिल इथल्या, अजून निर्णय न झालेल्या १०० मतदारांना विचारलं की देशापुढचे महत्त्वाचे प्रश्न कोणते. तेव्हाच्या बातम्यांमध्ये कोणत्या प्रश्नांना किती जागा मिळाली तेही मोजलं. दोन्हींचा क्रम जवळजवळ जुळला. निवडणूक महागाईवर झाली तर एका पक्षाचा फायदा होतो, सुरक्षेवर झाली तर दुसऱ्याचा. सल्लागाराचं खरं काम या ठिकाणी आहे, त्यामुळे त्याची सेवा याच मापाने जोखायला हवी.

पॅकेजमधला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे सर्व्हे, आणि सर्वांत जास्त फसवणूकही तिथेच होते. पाच-सहा महिने आधी एक मोठा पायाभूत सर्व्हे, त्यानंतर फोकस ग्रुप (निवडक लोकांशी गटचर्चा), मग संदेशाची चाचणी आणि शेवटच्या तीन आठवड्यांत रोजचा छोटा सर्व्हे, असा क्रम योग्य समजावा. रोजच्या सर्व्हेचे आकडे सुटे वाचू नयेत, तीन दिवसांची सरासरी घ्यावी. नाहीतर एका दिवसाच्या चढउतारावर प्रचाराची दिशा बदलली जाते आणि दोन दिवसांनी कळतं की काही घडलंच नव्हतं.

नमुन्याचं गणित पदाधिकाऱ्याला तोंडपाठ हवं. नीट, यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या १,००० जणांच्या नमुन्यात साधारण ३.१ टक्के इकडे-तिकडे फरक पडू शकतो, ४०० जणांच्या नमुन्यात ४.९ टक्के. ही चूक निम्मी करायची तर नमुना चौपट करावा लागतो. मोजकी गावं किंवा बूथ निवडून तिथे एकगठ्ठा मुलाखती घेतल्या तर चूक याहून वाढते, कारण शेजाऱ्यांची मतं एकमेकांसारखी असतात. आघाडीच्या आकड्यातली चूक तर जवळजवळ दुप्पट धरावी. १,००० च्या नमुन्यात 'आपण चार टक्क्यांनी पुढे' याचा अर्थ लढत अटीतटीची आहे, एवढाच होतो.

खरा घोळ पोटगटांत होतो. अहवालात 'तिशीच्या आतल्या ग्रामीण महिलांमध्ये ६२ टक्के पाठिंबा' असं ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं. त्या गटात किती जणी होत्या हे विचारा. साठ निघाल्या तर त्या ६२ टक्क्यांमागे जवळजवळ १२ टक्क्यांची अनिश्चितता आहे, आणि त्यावर वेगळी जाहिरात मोहीम उभी करणं म्हणजे पैसे उधळणं. नमुना नुसता मोठा असूनही उपयोग नाही. १९३६ मध्ये अमेरिकेतल्या 'लिटररी डायजेस्ट' या नियतकालिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, वीस लाखांहून अधिक परत आल्या आणि त्यांनी अध्यक्षीय निवडणूक लँडन जिंकणार असं जाहीर केलं. त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. टेलिफोन आणि मोटार असलेल्यांच्या याद्या वापरल्या होत्या, शिवाय उत्तर पाठवण्याची तसदी कोणी घेतली यातही कल होता. आज फक्त मोबाइल लिंकवरून घेतलेले सर्व्हे हीच चूक करतात.

प्रश्नावली पाहिल्याशिवाय अहवाल स्वीकारू नका. 'उद्या मतदान झालं तर कोणाला मत द्याल?' हा प्रश्न सुरुवातीलाच हवा. आधी सरकारी योजनांवर दहा प्रश्न विचारून मग हा प्रश्न आला तर सत्ताधाऱ्यांचा आकडा फुगतो, आधी खड्डे आणि बेरोजगारीवर प्रश्न आले तर विरोधकांचा. शब्दांनीही उत्तर फिरतं. अमेरिकेच्या 'जनरल सोशल सर्व्हे'मध्ये १९८० च्या दशकापासून निम्म्या लोकांना 'वेल्फेअर'वर (सरकारी कल्याण योजनांवर) खर्च वाढवावा का असं विचारतात आणि निम्म्यांना 'गरिबांना मदत' यावर खर्च वाढवावा का असं. दुसऱ्या शब्दरचनेला मिळणारा पाठिंबा दर वेळी कितीतरी जास्त असतो. कल्पना जवळजवळ तीच आणि लोकही तसेच, तरी उत्तरं वेगळी येतात.

क्षेत्रकामाची तपासणी करारातच लिहून घ्यावी. किमान दहा टक्के मुलाखतींची फोनवरून फेरतपासणी, प्रत्येक मुलाखतीची सुरू-बंद वेळ, जागेची नोंद आणि काही मुलाखतींचं ध्वनिमुद्रण. वीस मिनिटांची प्रश्नावली कोणी सहा मिनिटांत भरत असेल तर तो झाडाखाली बसून भरतो आहे. वजनं लावण्याआधीचे आणि नंतरचे, म्हणजे नमुन्यात कमी-जास्त आलेल्या गटांचा वाटा दुरुस्त करण्याआधीचे आणि नंतरचे, आकडे दोन्ही मागावेत. दोन्हींत मोठी तफावत असेल तर नमुना वाकडा होता, आणि तो कसा सरळ केला याचा खुलासा कंपनीने द्यायला हवा. कच्ची फाइल द्यायला जी कंपनी टाळाटाळ करते, तिच्याशी पुढे बोलणी करू नयेत.

फोकस ग्रुपचं काम वेगळं. आठ-दहा लोक, साधारण दीड तास आणि मध्ये न लुडबुडणारा चर्चाचालक. सून आणि सासू, मजूर आणि त्याचा मुकादम यांना एका खोलीत बसवलं की अर्धी माणसं गप्प बसतात, म्हणून गट एकसारख्या लोकांचा हवा. इथे मोजायचं काही नसतं. लोक स्वतःच्या तोंडाने कोणता शब्द वापरतात, कुठे आवाज चढतो, कोणत्या वाक्यावर मान हलते, ते टिपायचं असतं. अहवालात 'दहापैकी सात जण म्हणाले' असं लिहून टक्केवारी काढलेली दिसली, तर लिहिणाऱ्याला हे काम कळलेलं नाही.

आता संदेश. पॉल टली या अमेरिकी रणनीतीकाराच्या नावाने ओळखला जाणारा चौकोन जगभर वापरला जातो आणि तो फुकट आहे. कागदावर चार घरं आखायची. पहिल्यात आपण आपल्याबद्दल काय सांगतो, दुसऱ्यात आपण त्यांच्याबद्दल काय सांगतो, तिसऱ्यात ते स्वतःबद्दल काय सांगतात आणि चौथ्यात ते आपल्याबद्दल काय सांगतात. पहिली दोन घरं पाच मिनिटांत भरतात. तिसरं भरताना लोक कुचेष्टेने लिहितात. तिथे विरोधकाचा सर्वांत दमदार दावा त्याच्याच शब्दांत लिहायला लावावा. चौथ्या घराशी मात्र सगळे अडखळतात, कारण नेता समोर बसलेला असतो आणि 'साहेबांवर लोक काय आरोप करतात' हे लिहायचं धाडस कोणालाही होत नाही. बाहेरचा सल्लागार नेमण्याचं सर्वांत मोठं कारण हेच आहे. चौथं घर तो प्रामाणिकपणे भरत नसेल, तर त्याची फी निम्मी वाया गेली समजा. चारही घरं भरल्यावर पहिल्या घरातलं वाक्य चौथ्यातल्या आरोपाला तोंड देतं का ते तपासायचं. देत नसेल तर वाक्य बदलायचं. नुसता सूर चढवून भागत नाही.

चौकोनातून निघालेला संदेश छोटा हवा. १९९२ मध्ये बिल क्लिंटन यांच्या लिटल रॉक इथल्या वॉर रूममध्ये त्यांचे रणनीतीकार जेम्स कारव्हिल यांनी फळ्यावर तीनच ओळी लिहून ठेवल्या होत्या: बदल विरुद्ध तेच ते, अर्थव्यवस्था, आणि आरोग्यसेवा विसरू नका. प्रत्येक निवेदन त्या तीन ओळींत बसतं का, एवढाच प्रश्न विचारायचा. संदेश बहुधा फुटतो तो कंटाळ्यामुळे. प्रवक्ते तेच वाक्य रोज बोलून वैतागतात आणि नवीन काहीतरी काढतात, त्या वेळी मतदाराने ते जुनं वाक्य कदाचित पहिल्यांदाच ऐकलेलं असतं.

संदेश आणि पक्षाची चाल यांचा मेळ नसेल तर कोणतीही कंपनी काही करू शकत नाही. उत्तर प्रदेशात काँग्रेसने २०१६ मध्ये '२७ साल, यूपी बेहाल' ही घोषणा घेऊन बसयात्रा काढली. काँग्रेस सत्तेबाहेर असलेल्या त्या सत्तावीस वर्षांत समाजवादी पक्षाची सरकारंही आली आणि त्या घडीला सत्तेवर तोच पक्ष होता. जानेवारी २०१७ मध्ये काँग्रेसने त्याच पक्षाशी आघाडी केली आणि घोषणा आली, 'यूपी को ये साथ पसंद है'. काल ज्याच्या नावाने बोटं मोडली, त्याच्या हातात आज हात. काँग्रेसला ४०३ पैकी ७ जागा मिळाल्या. सल्लागार प्रशांत किशोर होते. त्याआधी २०१५ मध्ये बिहारच्या महाआघाडीच्या विजयात त्यांचं काम गाजलं होतं. पुढे २०२५ च्या बिहार विधानसभा निवडणुकीत त्यांच्या स्वतःच्या जनसुराज पक्षाला एकही जागा मिळाली नाही. सल्लागाराच्या यादीतले विजय पाहताना आघाडीची बेरीज, नेत्याची आधीची पत आणि सरकारविरोधी लाट किती होती, हे वेगळं काढूनच पाहायला हवं.

शब्दांची निवड हे या व्यवसायाचं सर्वांत जुनं हत्यार. क्लेम व्हिटेकर आणि लिओन बॅक्स्टर यांनी १९३३ मध्ये कॅलिफोर्नियात 'कॅम्पेन्स इन्कॉर्पोरेटेड' काढली, ती राजकीय सल्ला देणारी पहिली कंपनी मानली जाते. पुढच्याच वर्षी त्यांनी गव्हर्नरपदाचे उमेदवार आणि कादंबरीकार अप्टन सिंक्लेअर यांच्या पुस्तकांतली वाक्यं, पात्रांच्या तोंडचीसुद्धा, त्यांचीच मतं म्हणून फिरवली. १९४९ पासून याच जोडीने अमेरिकी डॉक्टरांच्या संघटनेसाठी राष्ट्रीय आरोग्य विम्याला 'सोशलाइज्ड मेडिसिन' (समाजवादी वैद्यक) म्हणत त्याविरुद्ध मोहीम चालवली. अमेरिकी सल्लागार फ्रँक लुंट्झ यांनी इस्टेटीवरच्या कराला 'मृत्यूकर' म्हणायचा आग्रह धरला आणि तो कर ज्यांना कधीच लागणार नव्हता असे लोकही त्याविरुद्ध बोलू लागले. हे कसब खरं आहे आणि त्याचा परिणामही होतो. आमची हरकत एवढीच की वस्तूचं स्वरूप झाकणारं नाव सुचवणारा सल्लागार पक्षाला पुढच्या वेळी अडचणीत आणतो, कारण सत्तेत आल्यावर त्याच शब्दाचा हिशेब द्यावा लागतो.

वाद पेटवून फुकट प्रसिद्धी मिळवणं हीसुद्धा ठरवून केलेली गोष्ट असते. ब्रिटनमध्ये १९७८ साली साची अँड साची या जाहिरात कंपनीने हुजूर पक्षासाठी बेरोजगारांच्या लांबलचक रांगेचं पोस्टर केलं. रांगेतली माणसं वीसच्या आसपास होती, त्यांचेच फोटो पुन्हा पुन्हा जोडले होते. तेव्हा सत्तेत असलेल्या मजूर पक्षाच्या मंत्र्यांनी त्यावर जाहीर हरकत घेतली, वर्तमानपत्रांनी बातमीसोबत पोस्टर छापलं आणि थोड्या फलकांवरची जाहिरात देशभर पोहोचली. २०१६ च्या ब्रेक्झिट सार्वमतात, युरोपीय संघ सोडा म्हणणाऱ्या बाजूने प्रचाराच्या बसवर लिहिलेला, ब्रिटन संघाला आठवड्याला ३५ कोटी पौंड पाठवतो हा आकडा दिशाभूल करणारा आहे, असं ब्रिटनच्या सांख्यिकी प्राधिकरणाने सांगितलं. तरीही आकडा खोटा ठरवण्याच्या प्रत्येक चर्चेत 'आपण युरोपला पैसे पाठवतो' हा विषयच पुढे येत राहिला. समोरच्या बाजूला असाल तर आरोपाचं वाक्य स्वतःच्या तोंडून उच्चारू नका. आधी खरी गोष्ट, मग खोटं कुठे आहे ते एका ओळीत, मग पुन्हा खरी गोष्ट. मात्र गप्प बसणंही महागात पडतं. १९८८ मध्ये अमेरिकी अध्यक्षपदाचे उमेदवार मायकल डुकाकिस यांनी हल्ल्यांना वेळेवर उत्तर दिलं नाही. चार वर्षांनी क्लिंटन यांची वॉर रूम त्याच बातमीचक्रात प्रत्युत्तर देण्यासाठी उभी राहिली, ती याच धड्यामुळे.

त्यासाठी लागणारं संशोधन पक्षाने आधी स्वतःच्या उमेदवारावर करून घ्यावं: प्रतिज्ञापत्रं, न्यायालयीन कागद, जुनी भाषणं, सभागृहातली मतदानं. प्रत्येक मुद्द्याला कागद, तारीख आणि पान क्रमांक हवा. 'असं ऐकलंय' या सदराखालचा एकही मुद्दा फाइलमध्ये ठेवू नये.

सोशल मीडिया आणि डेटा या भागावर पॅकेजमधले बरेच पैसे जातात, आणि इथे आमचं मत कडक आहे. रीच, व्ह्यू, ट्रेंड हे आकडे मतांचे नव्हेत. उपयोगी आहे ती चाचणीची शिस्त. ओबामांच्या २००८ च्या मोहिमेत संकेतस्थळाच्या पहिल्या पानासाठी चार बटणं आणि सहा चित्र-व्हिडिओ यांच्या २४ जोड्या तीन लाखांहून अधिक भेट देणाऱ्यांवर तपासल्या गेल्या. टीमला आवडलेले व्हिडिओ साध्या चित्रांपेक्षा मागे पडले. कुटुंबाचा फोटो आणि 'लर्न मोअर' (अधिक जाणून घ्या) बटण जिंकलं, नोंदणीचं प्रमाण ८.२६ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर गेलं. मानसशास्त्रीय प्रोफाइलच्या जादूवर मात्र विश्वास ठेवू नका. अशा प्रोफाइलचा दावा करणाऱ्या केंब्रिज अ‍ॅनालिटिका या ब्रिटिश सल्लागार कंपनीकडे ८.७ कोटींपर्यंत फेसबुक वापरकर्त्यांची माहिती अयोग्य रीतीने गेली असावी, असं खुद्द फेसबुकनेच सांगितलं. २०१८ मध्ये कंपनी बंद पडली. २०२० मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी म्हटलं की तिच्या पद्धती बहुतांशी बाजारात सर्रास मिळणाऱ्याच होत्या. गोपनीयतेचा भंग खरा होता, चमत्काराचा दावा पोकळ होता.

जाहिरातींनी मन वळतं का? २००६ मध्ये टेक्सासच्या गव्हर्नरपदाच्या मोहिमेत टीव्ही जाहिराती कोणत्या भागात कधी दाखवायच्या हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवून प्रयोग झाला. पाठिंबा चांगला वाढला, पण आठवड्याभरात ओसरला. जोशुआ कल्ला आणि डेव्हिड ब्रूकमन यांनी २०१८ मध्ये अमेरिकेतल्या खऱ्या प्रचारात झालेल्या ४९ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. सार्वत्रिक निवडणुकीत प्रचारसंपर्काने मन वळण्याचं सरासरी प्रमाण शून्याच्या आसपास निघालं. निवडणुकीच्या बऱ्याच आधी संपर्क झाला तर थोडा परिणाम दिसतो, पण मतदानापर्यंत तोही विरतो. याउलट आपल्याच बाजूच्या आळशी मतदाराला बाहेर काढणं जमतं. १९९८ मध्ये न्यू हेवन शहरातल्या प्रयोगात दारावर जाऊन समोरासमोर बोलल्याने मतदान ठळकपणे वाढलं, पैसे देऊन करवून घेतलेल्या फोन कॉलचा परिणाम जवळजवळ दिसलाच नाही. म्हणून कॉल सेंटरचं बजेट कापून ते दारोदार फिरणाऱ्या, मतदारांच्या ओळखीच्या कार्यकर्त्यांच्या प्रवासावर आणि प्रशिक्षणावर घालावं.

सल्लागार हे सहसा सुचवत नाहीत, कारण जाहिरात-खरेदीवर कमिशन घेण्याची पद्धत या धंद्यात जुनी आहे, परंपरेने १५ टक्क्यांपर्यंत. दारावर जाणाऱ्या कार्यकर्त्यावर कमिशन मिळत नाही. ठरलेली फी द्या आणि जाहिरात खरेदी वेगळ्या हाताकडे ठेवा.

काही गोष्टींना सरळ नकार द्यायचा. सर्व्हेच्या नावाखाली विरोधकाबद्दल अफवा पेरणारे कॉल त्यांत पहिले येतात. दोन मिनिटांत आटोपणारे, हजारो घरांत जाणारे, वय-शिक्षण न विचारणारे आणि उत्तरं कुठेच न नोंदवणारे कॉल म्हणजे सर्व्हे नव्हे. भाड्याची खाती दुसरी. एकाच मिनिटाला, त्याच शुद्धलेखनाच्या चुकीसह शेकडो पोस्ट पडल्या की कोणीही ओळखतं आणि बदनामी पक्षाची होते. तिसरी, बनावट आवाज. जानेवारी २०२४ मध्ये न्यू हॅम्पशायरमध्ये बायडन यांच्या नकली आवाजात 'प्राथमिक निवडणुकीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात) मत देऊ नका' सांगणारे कॉल गेले. ते करवून घेणाऱ्या सल्लागाराला अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने ६० लाख डॉलरचा दंड ठोठावला. लोकांचं मत घडवणं आणि लोकांना मतदानापासून हुसकावणं यांच्यामधली रेघ करारात पहिल्याच पानावर लिहिलेली हवी, आणि ती ओलांडल्यास फी न देता करार रद्द करण्याचा हक्कही.

उरलेली कलमंही आधीच ठरवून घ्यावीत. सर्व्हेच्या कच्च्या फाइली, मतदारसंपर्काचा डेटा आणि चाचण्यांचे निकाल पक्षाच्या मालकीचे. पेज, चॅनेल आणि जाहिरात खाती पक्षाच्या नावावर उघडायची, सल्लागाराला फक्त काम करण्यापुरता प्रवेश द्यायचा. त्याच मतदारसंघात दुसऱ्या पक्षाचं काम करायचं नाही. मतदान संपल्यावर तीस दिवसांत सगळा डेटा परत द्यायचा, कंपनीकडची प्रत नष्ट केल्याचं लेखी पत्र द्यायचं आणि शेवटचा हप्ता ते पत्र हातात आल्यावरच सोडायचा.